कापून जोडलेली लांब गाडी

टीव्हीवर लांबलचक काळी गाडी दिसली की आजही माझं डोकं फिरतं. गाडीचा त्यात काही दोष नाही. राग येतो तो माणसांचा. नागपूरच्या आमच्या महाल भागातल्या माणसांचा, माझ्या सासरच्या माणसांचा आणि खरं सांगायचं तर माझ्या बाबांचाही.

ऐंशीच्या दशकात नागपुरात टीव्ही आला, तेव्हा आमच्या गल्लीतला पहिला संच आमच्या घरी आला. लाकडी खोकं, त्याला सरकती दारं, दारांना कुलूप आणि गच्चीवर कावळ्यांना बसायला अँटेना. माझं कॉलेज संपलं होतं आणि मी घरी बसले होते, म्हणजे माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. आठवड्यातून एका संध्याकाळी एक जुनी इंग्रजी मालिका लागायची. ज्यांनी ती बनवली त्यांच्या देशात ती केव्हाच विसरली गेली असणार, आमच्याकडे मात्र सतरंजीवर बसायला जागा मिळत नसे. गल्लीतल्या कोणालाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यामुळे जो तो गोष्ट आपल्या मनाने लावायचा.

एकदा त्या मालिकेत एका बंगल्यासमोर लांब काळी गाडी येऊन थांबली. समोरच्या घरातल्या काकूंनी लगेच डोक्यावरून पदर घेतला.

"कोन गेलं वं?"

"म्हातारा गेला असन," दुसरी म्हणाली. "मांगच्या टायमाले खोकून राहिला होता ना."

सगळ्यांनी च्च च्च केलं. एका बाईने तर हात जोडले. टीव्हीला! आणि गाडीतून उतरलं कोण, तर गळ्यात मोत्यांची माळ घातलेली, खिदळणारी एक बाई. काकूंना तिचा असा संताप आला की विचारू नका. घरात मयत झालेली आणि ही खुशाल हसते आहे. "काही लाज आहे का हिले? हासून काहून राहिली?" मालिका संपेपर्यंत त्यांनी त्या बाईला सोडलं नाही. म्हातारा थोड्या वेळाने काठी टेकत बाहेर आला तेव्हा काकू म्हणाल्या, "हा त्याचा भाऊ असन."

मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्या गर्दीच्या मागे भिंतीला टेकून बाबा बसले होते. नागपुरात लांब गाडी म्हणजे मयत, हे ज्या एका गाडीने लोकांच्या डोक्यात बसवलं, ती बाबांनी बनवली होती.

बाबांचा गाड्यांच्या बॉडीचा कारखाना होता. ट्रकच्या फळ्या, बसचे सांगाडे, ठोकपीट, रंग, हे रोजचं काम. साठच्या दशकाच्या शेवटी पारशिवनीकडचे एक मोठे घरंदाज गृहस्थ त्यांच्याकडे जुनी परदेशी गाडी घेऊन आले. मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, गेली होती, ऐट शिल्लक होती. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि त्यांना नवरी, करवल्या, आत्या, मावश्या अशा सगळ्या बायका एकाच गाडीतून मिरवत न्यायच्या होत्या. "अशी लांब करा, का घरातली एकही बाई मांगं राहिली नाही पाह्यजे," एवढाच त्यांचा हुकूम.

बाबांनी ती गाडी मधोमध कापली. आख्खी. मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते आणि ते दोन अर्धे लांब ठेवलेले असताना मी मधून इकडून तिकडे पळत असे. खालून जाड लोखंडी पट्ट्या टाकून त्यांनी दोन्ही अर्धे सांधले, मधल्या जागेचा पत्रा हाताने ठोकून घडवला, वरून छत जोडलं, घासून घासून सांधा बुजवला आणि काळा रंग चढवला. फक्त मधल्या भागाला उघडणारी काच देता येईना. तिथे त्यांनी सरळ सपाट काच कायमची बसवून टाकली. त्या काचेलगत एक रुंद सीट होती, लाल मखमलीची.

"समोरचं कंपनीचं," बाबा बोनेटवर थाप मारून सांगायचे, "मांगचं कंपनीचं. मधलं माझं. नवरी मधात बसन."

नवरी काही बसली नाही. त्या घरात भावाभावांत वाटण्या झाल्या, लग्न दुसरीकडेच उरकलं आणि गाडी कोणाच्याच वाट्याला नको झाली, कारण ती पेट्रोल प्यायची. ती धंतोलीतल्या एका दवाखान्याने घेतली. सीट काढल्यावर आत माणूस छान आडवा झोपत होता, हाच तिचा गुण. धंतोलीत तेव्हाही विदर्भभरातून पेशंट यायचे. येताना ते एसटीने येत, ट्रकच्या फाळक्यावर बसून येत, कोणाच्या पाठीवर येत. लांब गाडी लागायची ती परत जाताना. त्यातही जे चालत परत जात त्यांना ती लागत नसे.

हळूहळू सगळ्या शहराला ते पाठ झालं. ती गाडी रस्त्यावर दिसली की सायकलवाला एक पाय जमिनीला टेकायचा, टोपीवाला टोपी काढायचा, बाया पदर सावरून हात जोडायच्या. महालातल्या ज्या बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्या की शिवीगाळ व्हायची, तिथे हिला पाहून रस्ता आपोआप मोकळा होत असे. तिला हॉर्न वाजवावा लागला असं कोणी कधी ऐकलं नाही.

आणि बाबांचं काय झालं? त्यांचा झाला मढ्याच्या गाडीवाला. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण कारखान्याचा पत्ता विचारला की लोक त्याच नावाने सांगत. मला अजून कळत नाही, ही कोणती अक्कल? बाबांनी काय माणसं मारली होती? त्यांनी लग्नाची गाडी बनवली होती हो! तुम्ही तिच्यात मुडदे घातलेत आणि नाव त्यांना ठेवलंत. ट्रकचं काम मिळत राहिलं, पोट भरत राहिलं, पण गाडी लांब करायचं काम पुन्हा एकदाही कोणी त्यांच्याकडे आणलं नाही. कोण आणेल? स्वतःच्या पैशाने स्वतःची तिरडी कोण बांधून घेईल?

म्हणून टीव्हीवर ती गाडी आली त्या संध्याकाळी सगळे च्च च्च करत असताना बाबा काय करतील, या धास्तीने मी मागे वळून पाहिलं. बाबा उठून उभे राहिले होते. त्यांनी सतरंजीवरची माणसं ओलांडली, काकूंच्या पायावर पाय दिला आणि टीव्हीसमोर जाऊन काचेला नाक लावलं.

"कापून जोडली हाये!" ते ओरडले. "कंपनीतून नाई आली. कापली हाये कोनं तरी!"

तिथून पुढे तो नादच लागला. मालिका कोणाला कळो न कळो, बाबा गाड्या ओळखायला बसायचे आणि मीही त्यांच्या शेजारी. कापलेली की कारखान्यातली, हा आमचा खेळ. गाडी वळताना छतावरून उजेड पळतो, त्याच्यावर नजर ठेवायची. सांध्यापाशी तो किंचित अडखळतो. दारं आधीच्या छोट्या गाडीचीच राहतात आणि मधे नुसता पत्रा आणि काच येते. बाजूने जाणाऱ्या चकचकीत पट्टीचा सांधा मधेच एका टोपणाखाली लपवलेला असतो. हे सगळं मुंग्या आलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रात, गाडी आली नि गेली एवढ्या वेळात पाहायचं. त्यात नेमकी गाडी आली की अँटेनावर कावळा बसायचा.

माझी नजर बाबांपेक्षा बरी होती, कारण बाबांना प्रत्येक गाडी कापलेलीच दिसायची.

"बाबा, नाही. ही कारखान्यातली आहे. मागचं दार पाहा ना, केवढं रुंद आहे. जोडलेलीला असं दार कुठून येईल?"

"तुले काय समजते? कापली हाये!"

"तुम्हाला ती कापलेली पाहिजे म्हणून कापलेली का?"

"झालं यांचं बापलेकीचं सुरू," काकू म्हणायच्या. "माणूस मेलं का जितं आहे ते तं पाहू द्या."

मी चिडून उठून जायचे आणि पुढच्या आठवड्यात परत येऊन बसायचे. बाबांना कुठेतरी दूर देशात आपल्यासारखा कोणीतरी सापडत होता, ज्याने गाडी कापली, जोडली आणि जिच्यातून जिवंत माणसं हसत उतरली. हे मला समजत होतं. तरी कारखान्यातल्या गाडीला कापलेली म्हणणं मला सहन होत नसे.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगा सरकारी नोकरीत, घर धंतोलीत, स्वभाव गप्प, उंची अशी की आमच्या दारातून वाकून आला. बोलणं सगळं त्याचे मामा करत. देणंघेणं, कार्यालय, जेवणावळी सगळं ठरलं आणि पाहुणे उठणार एवढ्यात बाबा म्हणाले, "पाठवणीची गाडी माझी. मी आणतो."

कोणती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. पाहुणे गेल्यावर मला सांगितलं. दवाखान्याकडे नव्या व्हॅन आल्यापासून लांब गाडी मागच्या आवारात निंबाखाली उभी होती. ती ते एका दिवसासाठी मागून आणणार होते.

मी असली भडकले! लग्न माझं, नवरी मी, आणि यांना कौतुक कशाचं, तर पत्र्याचं. जिच्यात आयुष्यभर मुडदे नेले तिच्यात मला बसवायला निघाले. मी सांगून टाकलं, "मी नाही बसणार. टांग्यातून जाईन, चालत जाईन, पण त्या गाडीत बसणार नाही." बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पण बातमी धंतोलीला पोहोचलीच. दवाखाना त्यांच्याच घरामागे होता. मामा दुसऱ्याच दिवशी मुलाला घेऊन आले. मी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होते.

"पाहा इवाई," मामा व्याह्याच्या हक्काने म्हणाले, "स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमची सून मढ्याच्या गाडीत येनार नाही. नसंन जमत तं आम्ही गाडी पाठवतो."

"तिले तसं म्हनू नका," बाबा म्हणाले. "ते लग्नासाठीच बनवली होती."

"बनवली असन. पन झालं काय तिचं? तुम्ही जिंदगीत एकच गाडी लांब केली, अन् तिचंही असं झालं. आता सोडा ना तो नाद. पोरीचा संसार सुरू होऊन राहिला, तिथं तं नका आनू."

बाबा स्वतःच्या तळहाताकडे पाहत राहिले. माझा बाप, जो टीव्हीतल्या गाडीवरून माझ्याशी हमरीतुमरीवर यायचा, तो परक्या माणसासमोर मान खाली घालून बसला होता. मला मामांचा राग आला आणि बाबांच्या त्या खाली गेलेल्या मानेचा त्याहून जास्त आला. ट्रे मी कुठे ठेवला ते आठवत नाही. आदळला असणार, कारण कपात फारसा चहा उरला नव्हता.

"मामाजी," मी म्हणाले, "मी त्याच गाडीतून येईन. ती चालत नसेल तर मीही चालत नाही. पाहा तुम्ही."

आईने तोंडावर पदर घेतला. ठरलेलं लग्न मोडायला आमच्याकडे याच्या निम्म्या बोलण्यानेही भागत असे. मामांचा चेहरा लालबुंद झाला. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर घडी घालून बसावं तसे बसलेले नवरदेव पहिल्यांदाच बोलले.

"तिच्यात पाय लांब करता येतात का?"

"झोपता येते!" बाबा उत्साहाने म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

नवरदेवाला हसू आवरेना. मामांना ते अजिबात आवडलं नाही, पण मुलगाच हसतो म्हटल्यावर त्यांचा इलाज चालेना. लग्न टिकलं. मी आत जाऊन रडले, आणि रडताना स्वतःलाच शिव्या घातल्या की ज्या गाडीत बसायचं नव्हतं तिच्यासाठी मी आख्खं लग्न पणाला लावलं.

बाबांनी गाडी कारखान्यात आणली. धुतली, घासली, रंगवली, मधली सीट नव्याने बसवून तिला लाल मखमल लावली. दवाखान्याचा म्हातारा ड्रायव्हर बाजूला बसून बिडी ओढत सगळं पाहत होता. बाबा हॉर्नची वायर जोडायला लागले तेव्हा तो म्हणाला, "हॉर्न कायले पाह्यजे इले? कधी लागलाच नाही." आणि लग्नाच्या दिवशी त्याने किल्ली सरळ बाबांच्या हातात दिली. "तुम्हीच चालवा गा. मले जित्या मानसाईले नेयाची सवय नाही."

आता मुलीचा बाप कधी पाठवणीची गाडी चालवतो का? मुलीच्या बापाने दारात उभं राहून डोळे पुसायचे असतात. पण बाबा धोतरावर कोट घालून स्टीअरिंगमागे बसले. आईने बजावलं होतं की झेंडू लावू नका, त्या गाडीवर नेहमी झेंडूच असायचा. बाबांनी बोनेटभर झेंडू लावला होता. दुसरं फूल एवढ्या मोठ्या गाडीला पुरणार नाही, म्हणे.

मी मधे बसले, काचेलगत, बाबांनी नवरीसाठी केलेल्या जागेवर. शेजारी नवरदेव, पाय खरोखरच पसरून. मागे मामा, मामी आणि करवल्या. गाडी महालातल्या कार्यालयातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर वळली.

वळताक्षणी एका सायकलवाल्याने पाय टेकला.

मग पानठेल्यावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. भाजीवाल्याने हातातला तराजू खाली ठेवून हात जोडले. पायरीवर गहू निवडणाऱ्या बायांनी एकीपाठोपाठ एक पदर ओढून घेतले. रिक्षा कडेला झाल्या. सगळा रस्ता गप्प झाला आणि आम्ही त्या गप्प रस्त्यातून धंतोलीच्या दिशेने चाललो.

"मी सांगतलं होतं," मागून मामा म्हणाले. "मी सांगतलं होतं का नाही?"

लग्न झालेल्या दिवशी आख्खं गाव मला हात जोडून निरोप देत होतं. मी समोर आरशात बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खुललेला होता.

"पाह्य बाई," ते म्हणाले, "सारे कसे हात जोडून राहिले नवरीले."

त्यांना कळत नव्हतं? इतकी वर्षं याच रस्त्यावर हेच हात जोडलेले पाहून जे घरी येऊन न जेवता झोपायचे, त्यांना कळत नव्हतं? त्यांना सगळं कळत होतं. ते माझ्यासाठी खोटं बोलत होते, तेही हसून, आणि ते खोटं मला ऐकवेना.

मी काच खाली करायला गेले. ती काच खाली होत नसते, हे मी लहानपणापासून जाणत होते, पण रागात काही सुचत नाही. हँडल नव्हतंच. मग मी हातानेच काचेवर थापा मारायला लागले. हिरवा चुडा भरलेल्या हाताने, धाडधाड. "जिवंत आहे मी! नवरी आहे! डोळे फुटले का तुमचे?" आतून ओरडलेलं बाहेर काय ऐकू जाणार? पण चुड्याचा आवाज गेला असावा.

एका ओट्यावर एक म्हातारी हात जोडून उभी होती. आवाजाने ती दचकली, खाली वाकून काचेत डोकावली. आधी तिच्या तोंडाचा आ झाला. मग तिला मुंडावळ्या दिसल्या. तिचे जोडलेले हात सुटे झाले, तिने ते काचेवरूनच माझ्याकडे ओवाळले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"अवं बाई, नवरी हाये!" ती मागे वळून ओरडली. "लांब गाडीत नवरी हाये! या वं, पाहा!"

मग काय, ओट्यांवरून, दुकानांतून, बोळांतून माणसं धावत आली. ज्याने टोपी काढली होती तो टोपी घालत आला. बायांनी काचेला नाकं लावली, पोरींनी लेकरं उचलून दाखवली, एकीने मखमलीचा भाव विचारला, दुसरीने नवरदेवाचे पाय मोजले. कोणी बाजूला होईना. रिक्षा आडव्या झाल्या. गाडी उभीच राहिली.

बाबांनी हॉर्न दाबला. तो वाजला, आणि बाबांनी हात काढलाच नाही.

"अहो इवाई, काहून वाजवून राहिले एवढा?" मामा कानावर हात ठेवून ओरडले.

बाबांचे डोळे आरशात मला दिसत होते. त्यांनी ते कोटाच्या बाहीने पुसले आणि मागे न पाहता तितक्याच जोरात ओरडून सांगितलं, "काय करू मंग? लोक रस्ताच नाही देऊन राहिले ना!"